हातातलं जहाज

तुझ्या डाव्या हातातलं जहाज वाळवीनं खाल्लं,
हे आधी बिबियाना थेसेराच्या ध्यानात आलं.
तुझी बोटं पुसताना डोलकाठी
तिच्या तळहातावर भुगा होऊन उतरली.
भुगा रुमालात बांधून ती तडक माझ्या पडवीत.
"होड्या करतोस ना? अजून एक कर.
सणाला चार आठवडे आहेत."

मी सुतार. तुझ्याशी बोलायची मला सवय नाही.
माझं बोलणं लाकडाशी,
तेही ते ऐकत नसेल तेव्हा.
तुला मेजावर आडवं ठेवलं, माफ कर,
उभ्यानं कोपर गवसेना.

तुझी हकिकत मलाक्कात जी सगळ्यांना ठाऊक तीच मला.
लिस्बनच्या कुणा खलाशानं वादळात नवस बोलला:
डोलकाठीएवढी मेणबत्ती लावीन,
फक्त जमिनीला लाव.
लावलंस.
मेणबत्ती मात्र बोटभर निघाली.
तसलेच सगळे. जिथं जिथं घाबरले
तिथं तिथं तुला नवं नाव दिलं:
भल्या प्रवासाची, निवळल्या वाऱ्याची, खडकावरची.
मोझांबिकला एक उतरवली, मकावला एक,
आणि तू इथं,
खाऱ्या मासळीच्या पिंपातून.
शेजारच्या पिंपांत बंदुकीची दारू होती.
वास आला असेलच तुला.

पुढं डच आले, तेव्हा तू भाताच्या कणगीत झोपलीस.
किती वर्षं, ते कुणी मोजलं नाही.
माझी आई ज्या भाषेत तुला विनवायची
तिच्यातलं निम्मं मला कळत नसे,
निम्मं तिलाही.
किल्लीला चाबी, खिडकीला जनेला, एवढं पक्कं.
प्रार्थनेच्या शेवटी मरणाचा शब्द येई,
तो ती भरभर म्हणे,
आम्ही पोरांनी ऐकू नये म्हणून.

मास्तरांनी पुस्तकातलं चित्र आणून दिलं.
तीन काठ्या, फुगलेली शिडं,
मागं माडीसारखी उंच बाजू.
तीन दिवस बघितलं.
माणूस लघवीला कुठं जातो तेही कळेना.
असं जहाज माझ्या हातून कधी गेलं नाही.
गेल्या त्या कोळंबीवाल्यांच्या होड्या,
उथळ, चपट्या तळाच्या,
चिखलात रुतून पुन्हा निघणाऱ्या.
आता तो चिखलही नाही.
भराव घालत घालत त्यांनी समुद्र
अर्धा मैल मागं नेला,
कुणाला विचारलं नाही. तुला विचारलं होतं?

लाकूड घेतलं ओझोरियोच्या होडीचं.
दोन वर्षं ती गवतात पालथी पडलीय,
ओझोरियो सिंगापुरात क्रेन चालवतो.
पत्र्याखालची फळी तेवढी शाबूत होती,
मिठानं काळी, तासणीला दाद न देणारी.

बिबियाना आली, बघत राहिली.
"शीड कुठंय?"
"वल्ही आहेत."
"ही तर आपलीच होडी."
मी सांधा घासत बसलो.
ओझोरियो तिचा मुलगा, हे तुला माहीतच आहे.
तिनं तळाच्या फळीवरून अंगठा फिरवला,
जिथं खिळ्याचं जुनं भोक मी मुद्दाम बुजवलं नव्हतं.
मग रुमाल सोडला
आणि त्या तीन काठ्यांच्या जहाजाचा भुगा
होडीत ओतला.
पाद्रीबाबांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही.

सणाच्या दिवशी तुला खांद्यावर घेतलं.
मिरवणूक जुन्या किनाऱ्यापाशी थांबली,
पायांच्या सवयीनं.
तिथं आता गाड्या लावतात.
कुणीतरी हॉर्न वाजवला, मग तोही थांबला.
आम्ही तुझं तोंड समुद्राच्या अंदाजानं वळवलं.

हात किंचित खाली आलाय तुझा, मी पाहिलं.
लाकूड जड आहे, चूक माझी.
पुढच्या वर्षी आतून अजून कोरीन.